यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप: इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरात त्याचा उपयोग किती?

इंदूरमधल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाचा रविवार बहुधा हिंदीत जातो. शहरातल्या बहुतेक मंडळ्यांत उपासना हिंदीत, कुठे इंग्रजीत. दारात 'जय मसीह की', आत हिंदी गीतं, पाळकसाहेबांचा संदेश हिंदीत. घरी आल्यावर जेवणाआधीची प्रार्थना मात्र मराठीत, कारण आजी मराठीतच प्रार्थना करते. नातवंडं इंग्रजी माध्यमाची, त्यांना पाठ असलेली वचनं इंग्रजी. एकाच घरात तीन भाषांची बायबलं, आणि 'आज काय वाचलंस?' या साध्या प्रश्नाला तिघांची तीन उत्तरं. अशा घरांत यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप हमखास सापडतं. म्हणून ते केवळ अ‍ॅप म्हणून कसं आहे एवढ्यावर न थांबता, विश्वासात प्रौढ व्हायला त्याची मदत किती आणि अडचण किती, हे पाहायला हवं.

निकाल आधीच सांगतो. वचन हाताशी ठेवण्याचं साधन म्हणून हे अ‍ॅप उत्तम आहे, मराठीत त्याच्या तोडीचं दुसरं फुकट साधन शोधूनही मिळायचं नाही. पण ते जे मोजतं ते आत्मिक वाढीचं माप नाही. तेच माप मानून चाललेला माणूस वर्षभर रोज अ‍ॅप उघडूनही जिथल्या तिथे राहू शकतो.

आधी वस्तूची ओळख. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफचर्च या मंडळीने 2008 च्या जुलैमध्ये, अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर सुरू झालं तेव्हाच, हे अ‍ॅप आणलं. अ‍ॅप मोफत आहे, जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर चालतो. नुसतं वाचायला खातं उघडावं लागत नाही. टिपणं, रंगखुणा, मित्रांसोबतचं वाचन हवं असेल तर लागतं. मराठीत बायबल सोसायटी ऑफ इंडियाची आर.व्ही. री-एडिटेड ही जुन्या वळणाची आवृत्ती आहे, जी बहुतेक मराठी मंडळ्यांच्या कानात बसलेली आहे. शिवाय इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन आणि मराठी समकालीन या अलीकडच्या भाषेतल्याही आहेत. सोसायटीच्या या जुन्या आवृत्तीत 66 पुस्तकं आहेत. रेड चर्चला जाणाऱ्या कॅथलिक वाचकांनी हे ध्यानात ठेवावं: कॅथलिक बायबलमधली तोबीत, यहूदीथ, मक्काबी वगैरे पुस्तकं त्यात मिळणार नाहीत.

इंदूरकरांना सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती भाषा बदलण्याची सोय. बायबलमधल्या पुस्तकांची नावंही हिंदीत आणि मराठीत वेगळी: व्यासपीठावरून 'इब्रानियों पाँच' म्हटलं की मराठी प्रतीत 'इब्री लोकांस' शोधावं लागतं. 'यूहन्ना' म्हणजे योहान, 'प्रेरितों के काम' म्हणजे प्रेषितांची कृत्ये, 'भजन संहिता' म्हणजे स्तोत्रसंहिता, 'नीतिवचन' म्हणजे नीतिसूत्रे. अनुक्रमणिका चाळेपर्यंत वाचन संपतं. अ‍ॅपमध्ये अध्याय उघडा असताना वरच्या आवृत्तीच्या नावावर बोट ठेवून भाषा बदलली की अध्याय तोच राहतो. एखाद्या ओवीवर, म्हणजे अध्यायातल्या क्रमांकित वचनावर, बोट ठेवलं की खाली येणाऱ्या पट्टीत 'तुलना' आहे, त्यात तीच ओवी दोन-चार आवृत्त्यांत एकाखाली एक दिसते. संदेश हिंदीत ऐकून त्याच संध्याकाळी तोच उतारा घरी मराठीत मोठ्याने वाचायची सवय लावली तर आजी आणि नातू दोघंही एका पानावर येतात. उपासनेला जाण्याआधी दोन आवृत्त्या घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. सगळ्या आवृत्त्या ऑफलाइन मिळत नाहीत, ज्यांच्यापुढे उतरवण्याची खूण आहे त्याच मिळतात. जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत रेंज गेली की न उतरवलेलं बायबल कोरं होतं, आणि मग शेजारच्याच्या पुस्तकात डोकावावं लागतं.

आता मुख्य मुद्दा: वाढ म्हणजे नेमकं काय तपासायचं? नव्या कराराने याची उत्तरं बरीच रोखठोक दिली आहेत. इब्री लोकांसच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी लेखक वाचकांना चक्क रागावतो. एवढ्या काळात तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं, आणि तुम्हाला अजून दूधच लागतं! प्रौढ कोण, तर ज्याला सरावाने बरंवाईट ओळखता येतं तो. किती ऐकलं, किती वाचलं हा निकष तिथे नाही. करिंथच्या मंडळीला पौल पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बालकं म्हणतो ते ज्ञान कमी म्हणून म्हणत नाही. त्यांच्यात हेवा आणि कलह आहेत, 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' चाललंय, म्हणून म्हणतो. इफिसकरांसच्या चौथ्या अध्यायात वाढ एकट्याची नाहीच. सगळं शरीर सांध्यासांध्याने जोडलं जाऊन वाढतं, आणि शिकवणुकीच्या प्रत्येक वाऱ्याने हेलकावे न खाणं ही त्याची खूण आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर यादीच आहे: विश्वासात सात्त्विकता, मग ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि प्रीती. ज्ञान तिसऱ्या जागी आहे आणि त्याच्यापुढे पाच गोष्टी बाकी आहेत, हे मुद्दाम पाहावं.

या निकषांवर अ‍ॅप ठेवून पाहिलं की त्याचं बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही उघडी पडतात. नियमितपणासाठी पैकीच्या पैकी. संदर्भासहित समजण्यासाठी मध्यम, आणि तेही वापरणाऱ्यावर अवलंबून. एकमेकांसोबत वाढण्यासाठी सोय आहे, पण ती नीट बसवावी लागते. वचनाप्रमाणे वागण्यासाठी अ‍ॅप काहीच करू शकत नाही. ते कुठल्याही अ‍ॅपचं कामच नाही.

सगळ्यात आधी त्या आकड्याबद्दल. सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं याची गणती अ‍ॅप ठेवतं आणि दाखवतं. आकडा वाढतो तो उघडण्याने. अध्याय पूर्ण वाचला का, समजला का, याच्याशी त्याचा संबंध नाही. रात्री पावणेबाराला झोपेतून उठून अ‍ॅप उघडून बंद करणारी माणसं प्रत्येक युवक संघात असतात, आणि 'माझे 400 झाले' असं सांगणारीही. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा तो यहुदी, आठवतो का? आठवड्यातून दोनदा उपास करतो, असा हिशेब त्याने देवापुढेच मांडला होता. नव्याने सुरुवात करणाऱ्याला पहिले दोन महिने हा आकडा खरंच हात धरून चालवतो, हे मान्य. सवय लागेपर्यंत तो असू द्यावा. पण एक दिवस चुकला, आकडा शून्यावर आला आणि मग महिनाभर वाचनच सुटलं, असं झालं तर तो आकडा पायात येतोय हे ओळखावं. युवक संघात त्याची स्पर्धा लावू नये. तसं केलं की ज्यांना खरंच वाचायचं असतं ती मुलं गप्प बसतात आणि ज्यांना फक्त जिंकायचं असतं ती बोलतात.

वाचनयोजना हा अ‍ॅपचा सगळ्यात मोठा भाग, आणि चुकाही तिथेच सर्वांत जास्त. जानेवारीत बहुतेक जण 'वर्षात संपूर्ण बायबल' निवडतात. हिशेब असा: 1,189 अध्याय, 365 दिवस, म्हणजे दिवसाला सव्वातीन अध्याय. सावकाश वाचलं तर पंधरा-वीस मिनिटं. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 अध्याय सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांत संपतात. म्हणजे जानेवारीच्या अखेरीस वाचक निर्गमातल्या निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापं ओलांडून लेवीयात शिरतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लेवीय व गणनेतच असतो. योजना इथेच मोडते. यात वाचकाची भक्ती कमी पडली असं नसतं. यज्ञ, शुद्धाशुद्ध आणि याजकपण ज्या पुढच्या गोष्टीकडे बोट दाखवतात ती उलगडणारं इब्री लोकांसचं पत्र त्याच्यापासून अजून दहा महिने लांब असतं. सरळ रेषेतली योजना नवख्याला देऊच नये. जुना आणि नवा करार रोज मिसळून देणाऱ्या योजना बऱ्या पडतात. त्यांचा मूळ नमुना 1842 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रॉबर्ट मरे मॅकशेन या पाळकाने आपल्या मंडळीसाठी केला: रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. मात्र रोज चार अध्याय म्हणजे नोकरी आणि दोन मुलं असलेल्या माणसाला भारीच.

पहिल्या वर्षासाठी सोपा आणि टिकणारा मार्ग असा. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज एक अध्याय घेतला की बरोबर 52 आठवडे होतात. शनिवार मागे राहिलेलं भरून काढायला, रविवार उपासनेतल्या उताऱ्यासाठी. सुरुवात मार्कपासून करावी (16 अध्याय, तीन आठवडे आणि एक दिवस), मत्तयपासून नको. वंशावळीवर अडखळून पहिल्याच दिवशी पुस्तक मिटणारे कमी नाहीत. अ‍ॅपच्या योजनेत मागे पडलात तर योजनेच्या सेटिंगमध्ये तारखा पुढे सरकवायची सोय आहे, ती निःसंकोच वापरा. राहिलेले अकरा दिवस एका रात्रीत 'टिक' करून टाकण्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक.

दुसऱ्या वर्षी वेग कमी करावा. एक लहान पत्र घ्यावं आणि महिनाभर त्यातच राहावं. फिलिप्पैकरांसचं पत्र याला फार चांगलं: चार अध्याय, 104 ओव्या, मोठ्याने वाचलं तर पाव तास. पहिला आठवडा रोज संपूर्ण पत्र एका बैठकीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात एका अध्यायाला तीन ते चार दिवस. चौथ्या आठवड्यात पुन्हा संपूर्ण, पण आता दुसऱ्या आवृत्तीत. पत्र पुन्हा पुन्हा वाचलं की त्याची शिवण दिसायला लागते. 'आनंद करा' म्हणणारा माणूस बेड्यांत आहे, दुसऱ्या अध्यायातलं ख्रिस्ताच्या नम्रतेचं वर्णन मंडळीतल्या कुरबुरीवरचा उपाय म्हणून आलंय, आणि चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना नावानिशी 'एकचित्त व्हा' म्हणून विनवलंय. महिला मंडळातल्या कुठल्याही भांडणाला पुरून उरेल असा उतारा आहे तो. रोज नवा अध्याय पुढे ढकलणारी योजना हे दाखवू शकत नाही. अ‍ॅपमध्ये अशी पुनरावृत्तीची तयार योजना शोधत बसू नका, एक आठवण लावा आणि थेट पत्रच उघडा. फिलिप्पैनंतर याकोब (पाच अध्याय, 108 ओव्या), मग कलस्सै (चार अध्याय, 95 ओव्या).

अ‍ॅप अध्यायागणिक पान बदलतं, त्यातून एक बारीक चूक होते. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आणि नव्या करारातल्या ओव्यांचे आकडे 1551 मधले. मूळ लेखकांनी ते घातलेले नाहीत. इब्रीच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटची खरडपट्टी सहाव्या अध्यायात तशीच पुढे चालते, आणि तिथेच 'प्रौढतेप्रत जाऊ या' हे मुख्य वाक्य आहे. योजनेने 'आजचं वाचन संपलं' म्हटलं तिथे थांबणाऱ्याच्या हाती नुसती रागावणी लागते. करिंथकरांसच्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्यायही असाच. लग्नात हमखास वाचला जातो, पण त्याच्या आधी बारावा आणि नंतर चौदावा आहे आणि तिन्ही मिळून कृपादानांवरून, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या देणग्यांवरून, चाललेल्या तंट्याबद्दल आहेत. साधा नियम ठेवा: दिवसाचा अध्याय संपला की पुढच्या अध्यायाच्या पाच ओव्या वाचूनच थांबायचं.

'आजचं वचन' ही सोय लोकांना सर्वांत प्रिय आणि सर्वांत फसवी. सकाळी सातला एक ओवी सुंदर चित्रावर येते, ती पोह्यांच्या पहिल्या घासाआधी पाच व्हॉट्सअ‍ॅप गटांत जाते, आणि वचनाशी त्या दिवशीचा संबंध संपतो. इंदूरच्या भंवरकुआं भागात एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलांच्या फोनवर परीक्षेच्या सकाळी दोन ओव्या ठरलेल्या असतात. पहिली फिलिप्पै 4:13, सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे सर्व काही करता येण्याची. ती 4:11 आणि 12 सोबत वाचली तर कळतं की पौल तिथे यशाबद्दल बोलतच नाहीये. पोटभर मिळालं तरी आणि उपाशी राहावं लागलं तरी तृप्त कसं राहायचं हे तो शिकलाय, ते सांगतोय. नापास होणाऱ्याला ही ओवी पास होणाऱ्याहून जास्त लागते. दुसरी यिर्मया 29:11, हिताच्या संकल्पांची. तिच्या आधीच्याच ओवीत 70 वर्षांची मुदत आहे. बाबेलात बंदिवान झालेल्या लोकांना ते पत्र होतं: घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, लगेच सुटका नाही. चित्रावरची ओवी खोटी नसते, अर्धी असते. म्हणून ओवी आली की तिच्यावर बोट ठेवून पूर्ण अध्याय उघडा, निदान वरच्या पाच आणि खालच्या पाच ओव्या वाचा, आणि मगच पुढे पाठवा. यात दोन मिनिटं जातात.

रंगखुणांबद्दल थोडक्यात: पिवळा, हिरवा, गुलाबी सगळे वापरले की महिन्याभराने पूर्ण पान रंगपंचमीसारखं दिसतं आणि काहीच उठून दिसत नाही. दोनच रंग ठेवा. एक आज्ञेला, एक अभिवचनाला.

टिपणांची सोय मात्र फार कामाची आहे, आणि तीच सर्वांत कमी वापरली जाते. ओवी निवडून टिपण लिहिता येतं. जतन करण्याआधी ते कोणाला दिसणार हे तपासा: फक्त स्वतःला, मित्रांना की सर्वांना. कबुलीजबाबासारखं काही लिहिलं असेल आणि ते मंडळीभर दिसलं तर पंचाईत. लिहायचं काय? 'देवा, मला वाढव, मला तुझ्यासारखं कर' असली टिपणं भक्तिभावाची असतात, पण महिन्याने त्यावरून काहीच तपासता येत नाही. तीन ओळी पुरेत: उतारा काय म्हणतो, त्यावरून या आठवड्यात मी काय करणार, कोणाला सांगणार. उदाहरणार्थ याकोब 1:19, ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागाला मंद. दुसऱ्या ओळीत 'नम्र होईन' लिहू नका. लिहा: 'गुरुवारच्या सेल्स मीटिंगमध्ये साहेबांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलणार नाही, सासूबाईंनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला तर आधी शेवटपर्यंत ऐकेन.' तिसऱ्या ओळीत एक नाव. शुक्रवारी त्याच टिपणाखाली 'झालं', 'अर्धं झालं' किंवा 'नाही झालं, कारण...' एवढंच. इब्रीकार ज्याला सराव म्हणतो तो असाच होतो. पेत्राच्या यादीतला एकेक गुण एकेका आठवड्याला घेतला तर आठ आठवड्यांचा अभ्यास सहज उभा राहतो, आणि तोही कोणा परदेशी लेखकाच्या तयार मजकुराशिवाय.

त्या तयार मजकुराबद्दलही बोलायला हवं. तीन, पाच, सात दिवसांच्या मनन-योजना मराठीत बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या अनेक भाषांतरित आहेत. दर्जा एकसारखा नाही, कारण त्या वेगवेगळ्या सेवासंस्थांनी दिलेल्या असतात. कोणी दिली ते योजनेच्या पानावर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. मग पहिल्या दिवसाचा मजकूर उघडून पाहा: शास्त्रवाचन किती आणि लेखकाचं बोलणं किती? एका ओवीवर चार स्क्रीन प्रवचन असेल तर तुम्ही लेखकाला वाचताय, बायबलला नाही. पश्चात्ताप, वधस्तंभ, दुःख सोसणं यांपैकी काहीच पाच दिवसांत आलं नाही आणि फक्त आशीर्वाद, यश, 'तुमचा काळ आला आहे' एवढंच आलं, तर ती योजना सोडून द्या. याकोब पहिल्याच अध्यायात परीक्षांमुळे धीर उत्पन्न होतो म्हणतो. वाढीच्या योजनेत ते नसेल तर ती कशाची वाढ आहे, हे विचारायला हवं. बिरुया गावातल्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहिलं होतं, आणि प्रेषितांच्या कृत्यांत लूकने त्यासाठी त्यांना नावाजलंय.

ऐकण्याची सोय वृद्धांसाठी मोठी देणगी आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना अक्षर कितीही मोठं केलं तरी डोळ्यांना ताण होतो, पण पत्रं ऐकवली तर ते ओव्या पुढच्यापुढे म्हणून दाखवतात. ज्या आवृत्तीपुढे आवाजाची खूण आहे तिथेच ही सोय मिळते, वेग कमी-जास्त करता येतो. पलासियाहून विजयनगरला सिटी बसने जाताना फिलिप्पैकरांसचं पूर्ण पत्र आरामात ऐकून होतं. ही पत्रं मुळात ऐकण्यासाठीच होती. कलस्सै 4:16 मध्ये पौल सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा. मात्र स्वयंपाक करताना पार्श्वभूमीला लावलेलं वचन आणि बसून ऐकलेलं वचन यांत फरक पडतोच. ऐकून झाल्यावर आठवणारी एक ओवी मोठ्याने म्हणायची, एवढं केलं तरी पुष्कळ. ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं मात्र इथे शोधू नका, हे गाण्याचं अ‍ॅप नाही. घरसभेत भजनाचं पुस्तक लागणारच.

मित्रांसोबत एकच योजना वाचता येते आणि दिवसाच्या शेवटी प्रत्येकाला लिहिता येतं. ही सोय चांगली असूनही बहुतेक वेळा वाया जाते. तिसऱ्या दिवसापासून 'आमेन', जोडलेले हात, 'प्रेज द लॉर्ड', आणि दहाव्या दिवसापासून तेही नाही. कारण सरळ आहे: गट मोठा असतो आणि विचारलेलं काही नसतं. तीन किंवा चारच जण घ्या, शक्यतो वयाने आणि स्वभावाने वेगळे. रोज एकाने एक प्रश्न टाकायचा, ज्याचं उत्तर 'आमेन' होऊ शकत नाही. 'याकोब 2 मध्ये सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला पुढची जागा दिली जाते. आपल्या मंडळीत नाताळच्या उपासनेला पुढच्या खुर्च्या कोणासाठी राखतात?' असा प्रश्न टाकला की गट जागा होतो. क्वचित तापतोही, पण ते चालेल.

आणि आठवड्यातून एकदा समोरासमोर बसावंच लागतं. सव्वा तासाची घरसभा पुरते. दोन भजनं, दहा मिनिटं. उतारा दोनदा मोठ्याने, एकदा मराठीत, एकदा हिंदीत, दोन वेगळ्या आवाजांत. मग अर्धा तास तीन प्रश्न: काय लिहिलंय, त्या लोकांना त्याचा अर्थ काय होता, आपण काय करणार. त्यानंतर गेल्या आठवड्याच्या टिपणांचा हिशेब, आणि शेवटची पंधरा मिनिटं नावं घेऊन प्रार्थना. चहा नंतर. आधी ठेवला तर बायबल नंतर राहतं. या वेळी फोन बाजूला आणि छापील प्रत हातात असावी. फोनवर बायबल उघडं असताना वरून येणारा एकच संदेश सगळ्यांचं लक्ष नेतो, आणि समोरच्याला कळतही नाही की तुम्ही वचन वाचताय की बँकेचा एसएमएस. पाठांतरासाठीही कागद बरा. ओवी डाव्या पानावर खाली होती, अशी जागा डोळ्यांना आठवते. फोनवर सरकणाऱ्या मजकुराला जागाच नसते.

छापील मराठी प्रत इंदूरमध्ये हिंदीइतकी सहज हाती लागत नाही. पुण्या-मुंबईला जाणाऱ्याकडून आणवायची असेल तर त्याला तीन गोष्टी तपासायला सांगा. प्रत मध्यावर, म्हणजे स्तोत्रसंहितेपाशी उघडून टेबलावर ठेवली तर सपाट राहते का. बांधणी शिवलेली आहे की नुसती चिकटवलेली. चिकटवलेली रोजच्या वापरात वर्षा-दोन वर्षांत पानं सोडते. आणि समासात पेन्सिलने चार शब्द लिहायला जागा आहे का. तळटीपांत संदर्भओव्या असलेली प्रत मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्यावी, कारण बायबलचा अर्थ बायबलमध्येच शोधायची सवय तिथून लागते.

दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गातल्या मुलांना अ‍ॅप द्यावं की नाही यावर पालकांचे दोन तट असतात. द्यावं, पण भाषा मराठी किंवा हिंदी लावून आणि सूचना एकच चालू ठेवून: सकाळची वाचनाची आठवण. 'आजचं वचन', मित्रांच्या हालचाली, नव्या योजना या बाकीच्या सूचना सेटिंगमध्ये बंद करता येतात. एवढ्याने अ‍ॅप शांत होतं. फोन बदलण्याआधी आपण कोणत्या ईमेलने खातं उघडलंय ते पाहून ठेवा. ईमेल विसरलात तर नव्या फोनवर आवृत्त्या पुन्हा उतरवता येतील, टिपणं परत येणार नाहीत. शिवाय महिन्याच्या शेवटी महत्त्वाची टिपणं वहीत उतरवून ठेवलीत तर घरसभेच्या दिवशी फोन चार्ज नसला तरी अडत नाही.